धावणाऱ्याचा हिशेब



नुकताच धावू लागलेला तरुण १५०० मीटरांची शर्यत बहुधा पहिल्या फेरीतच हरतो. पिस्तुलाचा बार होताच तो बाणासारखा सुटतो आणि तिसऱ्या फेरीत त्याचे पाय शिशाचे होतात. यात छातीचा दोष थोडा, हिशेबाचा अधिक. सहा मिनिटांत हे अंतर कापायचे, तर ४०० मीटरांची प्रत्येक फेरी ९६ सेकंदांत व्हावयास हवी. पहिलीच ८० सेकंदांत मारणे म्हणजे एक तारखेलाच पगार उडविणे होय!

मग वेग वाढवावा कसा? रॉजर बॅनिस्टर यांचे उदाहरण घ्या. डिसेंबर १९५३ पासून ते ४४० यार्डांच्या दहा धावा, मध्ये दोन-दोन मिनिटे विसावा घेऊन, काढीत. वेळ ६६ सेकंदांवरून ६१ वर आली आणि तेथेच अडली. तेव्हा धावणे सोडून ते काही दिवस स्कॉटलंडात डोंगर चढावयास गेले! परतल्यावर ५९ सेकंद साधले. आणि ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला.

नवशिक्याने दहा नव्हे, चारच धावा काढाव्यात, त्याही आठवड्यातून एकदा. इतर दिवशी सोबत्याशी बोलता येईल इतक्या सावकाश धावावे आणि एक-दोन दिवस पूर्ण विसावा घ्यावा. ईर्षेने रोज जीव काढणारा पोरगा चार महिन्यांत दुखरी नडगी घेऊन मैदान सोडतो. विसावा हा आळस नव्हे. तो तालमीचाच भाग आहे.