काशा वेचणारे हात

मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, टाके सुकले, पेशंट घरी आला, की घरच्यांना वाटते संकट टळले. माझे सांगणे एवढेच, की शस्त्रक्रियेच्या आधीचे नि नंतरचे काही आठवडे हासुद्धा उपचारच आहे. हरळी माजलेले शेत नांगरून शेतकरी स्वस्थ बसत नाही. तो काशा, म्हणजे हरळीची मातीतली कांडी, वेचायला माणसे लावतो, कारण मातीत राहिलेले एक कांडेही पुन्हा फुटते. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तावाटे बहुधा आधी यकृतात पोचतात. त्यांना वेचणाऱ्यांत पुढे असतात आपल्या ‘नॅचरल किलर’ पेशी. पण शस्त्रक्रियेच्या ताणाने कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनलिन वाढते आणि नेमक्या याच पेशी काही दिवस मंदावतात. नांगरट झाली त्याच दिवशी वेचणारे हात गळून जावेत, तसे हे होते.

“म्हणजे चाकू लागला की कॅन्सर पसरतो, हे खरेच!” असे म्हणून कृपा करून शस्त्रक्रिया टाळू नका. न नांगरलेल्या शेतात हरळी रोज पसरतच असते. जाणकारांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो रास्त आहे: प्रतिकारशक्ती जपायचा प्रयत्न केला तरी निकाल बदललेला दिसत नाही. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ताण कमी, तरी 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 872 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत कॅन्सर उलटण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखेच निघाले. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या परक्या रक्ताने प्रतिकारशक्ती दबते म्हणावे, तर 1993 च्या नेदरलँडमधल्या चाचणीत स्वतःचेच साठवलेले रक्त देऊनही लाभ दिसला नाही. पण यावरून वेचणारे हात निरुपयोगी ठरत नाहीत. ज्यांच्या गाठीत टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच आणखी एका प्रकारच्या पेशी, भरपूर शिरलेल्या असतात, त्यांचा कॅन्सर उलटण्याची शक्यता कमी असते, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी 2006 साली दाखवले. एखादी गोष्ट बदलून भागत नाही, सगळी काळजी एकत्र घ्यावी लागते, असा मी याचा अर्थ लावतो.

म्हणून पुन्हा सांगतो, ते आठवडे वाया घालवू नका. हिमोग्लोबिन कमी असेल तर शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांकडून भरून घ्या. तंबाखू आजच सोडा. ‘पोट कापलंय, नुसती पेज द्या’ हा हट्ट नको. डॉक्टरांनी परवानगी दिली की डाळ, अंडी, दूध पोटात जाऊ द्या. आणि केमोथेरपी सांगितली असेल तर घरातल्या लग्नकार्यासाठी ती लांबवू नका, शक्यतो आठ आठवड्यांच्या आत सुरू करा. गाठ काढणे सर्जनच्या हाती आहे. पुढच्या तारखा पाळणे मात्र तुमच्या घराच्या हाती आहे. त्या चुकवू नका.