वॉच म्हणजे जागणे



संयोजक हातात घड्याळ धरून समोर बसले आहेत, म्हणून त्या घड्याळाबद्दलच बोलतो. ३४ वर्षे इंग्रजी शिकवले. खोड जात नाही.

‘वॉच’चे दोन अर्थ आपण शाळेत पाठ केले : पाहणे आणि घड्याळ. या दोघांचा संबंध काय, हे तेव्हा कुणी विचारले नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ जागे राहणे. ‘वेक’ हा त्याचा सख्खा भाऊ. रात्री जागायचे ते राखणीसाठी, म्हणून वॉच म्हणजे पहारा. जो राखण करतो त्याला नजर ठेवावीच लागते, म्हणून पाहणे. एकट्याला रात्रभर जागवत नाही, म्हणून पाळ्या आल्या. त्या पाळीलाही वॉचच म्हणू लागले. जहाजावर चार-चार तासांचे वॉच असतात. संध्याकाळचा ४ ते ८ चा तेवढा दोन-दोन तासांत तोडतात, म्हणजे रोज त्याच खलाशांच्या वाट्याला मध्यरात्र येत नाही. वेळेशी असे नाते जुळलेला हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस जवळ बाळगायच्या घड्याळालाही लागू झाला.

मराठीनेही हाच रस्ता धरला. दिवसरात्रीचे आठ प्रहर. त्या प्रहरावरून पहारा. आणि रात्री गाव राखणारा तो जागल्या. त्याच्या तर नावातच जागणे आहे.

हे सांगण्याचे कारण आहे. गेल्या वर्षी माझी बायपास झाली. मुलगा परदेशातून यायला चार दिवस लागले. घरी आम्ही दोघेच. त्या चार रात्री याच वर्गातल्या चौघांनी पाळ्या लावून काढल्या. औषधातले त्यांना काही कळत नव्हते. ते नुसते जागे होते. त्यामुळे माझ्या पत्नीला चार घटका झोप मिळाली. त्यांची नावे घेत नाही, नाहीतर उठून निघून जातील.

आपल्यापैकी बरेच जण आता एकटे किंवा दोघेच राहतात. दाराशी वही ठेवली आहे. जेवायला जाण्यापूर्वी तिच्यात आपला पत्ता, फोन आणि हाक आल्यास कोणती पाळी घेता येईल, एवढे लिहा. मी पहाटेची लिहिली आहे. नाहीतरी या वयात चारला जाग येतेच!