चांदीवरचे नाव



आपल्या खानापूर-तासगाव भागातले गलाईवाले देशभर पसरले आहेत. जुनी चांदी शुद्ध करण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. पण वाटी एकदा मुशीत गेली, की घडविणाऱ्याची खूण कायमची गेली.

पूर्वी अमेरिकेतही लोक नाणी सोनाराला देऊन चमचे घडवून घेत. चांदी तपासणारी सरकारी कचेरी तिकडे बहुतेक गावी नव्हती. म्हणून सोनार दांड्यामागे स्वतःचेच नाव ठोकी. बोस्टनचा पॉल रिव्हियर त्यांतलाच. नावाला बट्टा लागला तर धंदा बुडे, हीच काय ती हमी.

आपल्याकडेही रुपये मोडून वाट्या झाल्याच की! मात्र मोडताना साल पाहा. १९४० च्या आधीच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच. छाप राजाचीच, म्हणून सगळे एका तागडीत घालू देऊ नका. स्त्रीधन आहे ते, विचारायला लाजायचे कशाला? नवे घेताना हॉलमार्क मागून घ्या.

आणि सासूबाईंची वाटी मोडायचीच झाली, तर बुडाच्या शिक्क्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उतरतो. माझ्याकडे असे चार कागद आहेत. दुपारी या, दाखवीन.