आधी काय घेतलंय?

लेकरांना झग्यात आणि टोपीत पाहायला पहाटेची एसटी पकडून आलेले आईवडील, आणि आज फार्म.डी. झालेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

आता लग्नकार्यात, बारशाला, कुठेही गेलात तरी तुम्हाला एक प्रश्न विचारला जाईल, "डॉक्टर झालास म्हणे, पण म्हणजे नक्की कसला डॉक्टर?" विचारणाऱ्याचा दोष नाही. एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात, तुम्हाला सहा लागली, आणि तरीही तुमच्या आत्याला तुम्ही मेडिकलचं दुकान कधी टाकणार एवढंच जाणून घ्यायचं असतं. नावापुढे 'डॉ.' लावावं की नाही, यावर आपल्याच व्यवसायात इतकी भांडणं झाली आहेत की मी त्यात पडत नाही. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली. तिथे तुम्ही कशासाठी हवे आहात, तेवढंच आज सांगतो.

कागदावरची पात्रता तुम्हाला तोंडपाठ आहे, पण पालकांसाठी सांगायला हवी. २००८ च्या नियमांनी फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, हा अभ्यासक्रम आपल्याकडे आला. बारावी विज्ञाननंतर पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष पूर्ण रुग्णालयात. त्यातले सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये, उरलेले सहा महिने तीन विभागांत दोन-दोन महिने. बी.फार्म. करून आलेल्यांना तीन वर्षं. पुढे राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी, कारण १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिसचे नियम आले आणि २०२१ च्या दुरुस्तीने रुग्णालयातल्या 'क्लिनिकल फार्मासिस्ट' या पदाचं नाव त्यात घातलं. त्यासाठी पात्रता फार्म.डी.

पण नियमात नाव आलं म्हणून जिल्हा रुग्णालयात खुर्ची येत नाही. आरोग्य हा राज्याचा विषय. पद मंजूर व्हावं लागतं, त्याला वेतनश्रेणी लागते, अर्थसंकल्पात तरतूद लागते. सरकारी नोकरीत गेलात तर बहुधा औषध निर्माण अधिकारी म्हणून रुजू व्हाल. ते पद डी.फार्म., बी.फार्म. झालेल्यांसाठी आखलेलं आहे. इंडेंट, स्टोअर, ई-औषधी या सरकारी संगणकप्रणालीवरच्या नोंदी, एक्सपायरी आणि सकाळी ओपीडी सुटली की औषधखिडकीपुढची रांग, हे त्याचं काम. हे काम हलकं समजू नका. ज्या दवाखान्यात स्टोअर नीट नाही, तिथे क्लिनिकल फार्मसीच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही. पण सहा वर्षं शिकलेल्या माणसाला तेवढंच काम देऊन थांबणं ही सरकारने स्वतःचीच करून घेतलेली नुकसानी आहे.

तुमच्या कामाची सुरुवात एका प्रश्नाने होते. समोरच्या माणसाने आधी काय काय घेतलंय?

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. आता एक काका बाटली आपल्याकडून नेतात आणि गावातल्या दुकानातून सिरिंज घेतात, ती निघते नारिंगी टोपणाची. डॉक्टरांनी २० युनिट सांगितलंय, काका इमानदारीने २० च्या रेघेपर्यंत भरतात. त्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर. अंगात जातात ८ युनिट. साखर उतरत नाही. पुढच्या तारखेला डॉक्टर डोस वाढवून ३० करतात. काका ३० च्या रेघेपर्यंत भरतात, अंगात जातात १२. मग पायाला जखम होते, काका ॲडमिट होतात. ट्रीटमेंट चार्टवर, घरी चालू होतं म्हणून, ३० युनिट लिहिलं जातं. वॉर्डातल्या सिस्टर बरोबर सिरिंजने बरोबर ३० युनिट देतात. पहाटे काकांना दरदरून घाम फुटतो आणि भान हरपतं.

इथे चुकलं कोण? डॉक्टरांनी साखर पाहून डोस वाढवला. सिस्टरने चार्टप्रमाणे दिलं. काकांनी सांगितलेल्या आकड्यावर भरलं. "घरची सिरिंज दाखवा बरं," एवढं म्हणणारा माणूस मात्र त्या साखळीत कुणी नव्हता. तो माणूस तुम्ही. रुग्ण ॲडमिट झाला की पहिल्याच दिवशी खाटेपाशी जाऊन त्याची औषधांची पिशवी गादीवर रिकामी करायला लावायची. सरकारी पुरवठ्यात दर खरेदीला कंपनी बदलते, गोळीचा रंग बदलतो, पाकीट बदलतं. मावशींना वाटतं, पांढरी वेगळी आणि पिवळी वेगळी. त्या बीपीची एकच गोळी दोन रंगांत दोनदा घेतात आणि चक्कर येते म्हणून तिसरी गोळी मागायला येतात.

पिशवीत न सापडणाऱ्या गोष्टीही असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका कपाटात क्षयरोगाच्या गोळ्या असतात, दुसऱ्यात माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या. दोन्ही फुकट, दोन्ही सरकारी, दोन्हींची रजिस्टरं वेगळी. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की पाळणा लांबवायच्या गोळीचा अंश शरीरात टिकतच नाही. म्हणजे बाई दोन्ही गोळ्या नेमाने घेते आणि तरीही तिला दिवस जातात. क्षयरोगाच्या कार्डावर तिचं नाव आहे, आशाताईंच्या वहीतही आहे. दोन्हीकडचं काम नियमानुसार चोख झालेलं आहे. दोन रजिस्टरं शेजारी ठेवून वाचायचं काम मात्र कुणाच्या जबाबदारीत नसतं. ते तुमच्या डोक्यात असायला हवं, आणि ते चारचौघांत नाही, बाजूला घेऊन विचारता यायला हवं. "ताई, पाळी पुढे ढकलायला, दिवस राहू नयेत म्हणून काही गोळी चालू आहे का? मग या गोळ्या चालू आहेत तोवर आणि संपल्यावरही महिनाभर दुसरं काहीतरी वापरावं लागेल." याच रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, हे पहिल्या दिवशीच सांगायचं राहिलं तर रुग्ण रक्त समजून घाबरतो आणि आठवड्यात गोळ्या सोडतो.

म्हणून माझ्या मते तुमच्या पात्रतेतला अर्धा भाग गुणपत्रिकेवर नाही. मेळघाटात कोरकू बोलणारी बाई समोर असेल, धुळ्याकडे अहिराणी बोलणारे बाबा असतील. तिथे 'जेवणापूर्वी अर्धा तास' हे पाठ केलेलं वाक्य कामाला येत नाही. शेतावर जाणारा माणूस जेवतो किती वाजता, हे आधी विचारावं लागतं. आणि दुसरी गोष्ट, राउंडमध्ये रेसिडेंटला सांगता यायला हवं की सर, या आजोबांचं क्रिएटिनिन वाढलंय, जेंटामायसिनचा डोस त्या हिशोबाने कमी करायला हवा. हे चारचौघांत त्यांचा पाणउतारा न करता सांगायचं, पण सांगायचं राहू द्यायचं नाही. पहिल्या वेळी तुम्हाला, तुम्ही कोण, असं विचारलं जाईल. पाच वेळा तुमचं बरोबर निघालं की सहाव्या वेळी तेच तुम्हाला फोन करतील. हे मी पाहिलेलं आहे.

बाकीची कामं थोडक्यात सांगतो. अँटिबायोटिक गरजेपुरतंच आणि बरोबर निवडलेलं दिलं जातंय का, यावर लक्ष ठेवणं, डॉक्टरांनी आणि सिस्टरनी औषधाची माहिती विचारली की पुस्तक उघडून देणं, रुग्णालयाच्या औषध समितीत काय घ्यावं आणि काय घेऊ नये हे पुराव्यानिशी मांडणं, आणि डिस्चार्जच्या वेळी कार्ड रुग्णाच्या हातात कोंबण्याऐवजी समजावून सांगणं.

एका गोष्टीपाशी मात्र थांबायला हवं. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. डोळ्यातला किंवा मेंदूवरचा दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरॉल पाजलं जात होतं, आणि त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. मूत्रपिंडं निकामी झाली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने १९८७ मध्ये अहवाल दिला. खरेदीपासून तपासणीपर्यंतची आणि मंत्रालयापर्यंतची सडलेली साखळी त्यात उघडी पडली. तुमच्यापैकी कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून जुनी गोष्ट म्हणून ती सोडून देऊ नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या लहान मुलांना खोकल्याच्या औषधातून तेच रसायन गेलं. त्यातली अनेक मुलं नागपूरला उपचारांसाठी आणली गेली आणि तिथे दगावली. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत विष तेच राहिलं, आणि मूत्रपिंडं जाण्याची तऱ्हाही तीच.

सर्दीतापाचं मूल आहे आणि लघवी बंद झालीय, असं ऐकलं की तुमच्या तोंडून पहिलं वाक्य निघायला हवं, "याला आधी काय पाजलं? बाटली आणा." बाटलीवरचा बॅच नंबर लिहून घ्यायचा, उरलेलं औषध फेकू द्यायचं नाही, आणि तसंच दुसरं मूल शेजारच्या वॉर्डात आहे का, ते स्वतः जाऊन पाहायचं. एका मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला समोर एक मूल दिसतं. औषधाच्या अंगाने पाहणाऱ्याला तीन खाटांवरची एकच बाटली दिसू शकते.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. कोकणात विंचू चावून माणसं मरत, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या नोकरीत त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या. रक्तदाबासाठीची प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचवाच्या विषावर चालते, हे त्या नोंदींतून उभं राहिलं आणि 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ते डॉक्टर, तुम्ही फार्मासिस्ट, हे मला कळतं. पण औषध दिल्यानंतर रुग्णाचं काय होतं ते पाहायचं आणि लिहून ठेवायचं, याला कुठलीही पदनिर्मिती लागत नाही. सरकारी दवाखान्याइतके रुग्ण दुसरीकडे कुठे मिळणार आहेत?

"पद नाही तर काम कशाला करायचं," असं म्हणणारे तुम्हाला रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी भेटतील. त्यांचा राग खोटा नाही. तेवढ्याच पगारात दुप्पट काम करायला कुणी तयार व्हावं, असं मी म्हणणार नाही. व्यासपीठावर बसलेल्या मान्यवरांना मात्र जरूर म्हणेन की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान एक क्लिनिकल फार्मासिस्टचं पद मंजूर व्हायला हवं, आणि सेवाप्रवेश नियमांत फार्म.डी. ही पात्रता स्वच्छ शब्दांत यायला हवी. पण वित्त विभागाच्या टेबलावर नुसत्या पदवीने काम होत नाही. वॉर्डात तुम्ही काय टाळलंत याची वही लागते. ती वही तुम्हालाच भरायची आहे.

त्या वहीची सुरुवात करायला एक सोय आधीच आहे. भारताचा औषधसुरक्षा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, आणि २०११ पासून तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. औषधाचा दुष्परिणाम कळवायचा अर्ज साधा आहे. रुग्णाचं पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं पुरतात. औषधानेच झालं हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, संशय पुरतो. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. नोकरीला लागाल त्या पहिल्या महिन्यात निदान एक अर्ज भरून पाठवा.