द्राक्षबागेत मुक्कामाचे पाहुणे : काय सांभाळाल?



नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला गेलात तर शहरातले लोक पैसे मोजून द्राक्षबागेत मुक्काम करताना दिसतील. बाग पाहायची, वाईन चाखायची अन् रात्री तिथंच राहायचं. हे काही एका दिवसात झालेलं नाही. राजीव सामंत यांनी तिथं 1997 साली वाईनची द्राक्षं लावली. सुलाची पहिली वाईन 2000 साली निघाली आणि मुक्कामाचं रिसॉर्ट 2010 साली सुरू झालं. आधी बाग, मग पाहुणे, हा क्रम ध्यानात घ्या.

आता आपले बागायतदारही मळ्यात दोन-चार खोल्या बांधू लागले आहेत. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. किमान 1 एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. जोडधंदा चांगला आहे. पण एक धोका सांगितल्यावाचून राहवत नाही.

दिवाळीच्या सुटीत मी अशाच एका मळ्यात मुक्कामाला होतो. ऑक्टोबर छाटणी होऊन आदल्या दिवशी काडीच्या डोळ्यांना पेस्टिंग केलेलं. सकाळी पाहुण्यांचं एक पोर लाल रंग दिसला म्हणून काडीला हात लावायला धावलं. मालकानं वेळीच उचललं म्हणून निभावलं.

मंडळी, पेस्टिंगचं औषध म्हणजे हायड्रोजन सायनामाईड. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण ते लावतो. कातडीला आणि डोळ्यांना ते भाजतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे औषध अंगात गेलेल्या माणसानं दारू किंवा वाईन घेतली, तर शरीराला ती पचवता येत नाही. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, चक्कर येते, दम लागतो. वाईन चाखायला आलेला पाहुणा आणि संध्याकाळी दारू घेणारा मजूर, दोघांनाही हा धोका आहे.

म्हणून एवढं करा:

1. खोल्यांजवळच्या प्लॉटची छाटणी व पेस्टिंग पाहुणे नसतील त्या दिवसांत उरका.

2. पेस्टिंग किंवा फवारणी झालेल्या प्लॉटला दोरी बांधा, पाटी लावा. पाहुणे आल्याबरोबर तोंडीही सांगा.

3. मजुरांना रबरी हातमोजे व चष्मा द्या. कामाच्या आधी आणि नंतर किती दिवस दारू वर्ज्य, ते डब्यावरच्या पत्रकात असतं. ते त्यांना वाचून दाखवा.

4. जानेवारी ते मार्च तोडणीचा हंगाम. पाहुण्यांना हौसेनं तोडायला एखादी ओळ वेगळी राखा. शेवटच्या फवारणीनंतरचे ठरलेले दिवस उलटल्याशिवाय मणी तोंडात घालू देऊ नका.

5. परवान्याशिवाय वाईन विकू नका. राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे आधी चौकशी करा.

औषध अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा. त्रास वाटला तर डब्यासकट डॉक्टरकडे न्या.

पाहुणा एक रात्र राहतो, पण मळ्याचं नाव गावोगाव नेतो. तो जसा आला तसा सुखरूप घरी गेला, तरच पुढल्या साली चार जणांना घेऊन येईल. बाग सांभाळता तसं माणसालाही सांभाळा. रामराम.