घामातली साखर



मघाशी चहाच्या वेळी सात-आठ जणांनी ‘बिनसाखरेचा’ म्हटलं. मधल्या सुट्टीत बर्फाच्या गोळ्यावर तुटून पडणारी हीच मंडळी! म्हणून ‘तू हल्ली काय करतेस?’ याचं उत्तर जरा सविस्तर देते.

मी सॉफ्टवेअरवाली, पण तीन वर्षं काम करतेय ते घामावर. बोट न टोचता घामातली साखर मोजणारी पट्टी. प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर कार्बनची शाई छापायची, लग्नपत्रिका स्क्रीन प्रिंटिंगने छापतात तशीच. म्हणून ती स्वस्त आणि हवी तशी वाकणारी. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवायचं. ते साखरेवर काम करतं तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्यातून क्षीण विद्युतधारा मिळते. साखर जास्त, तर धारा जास्त. कल्पना जुनीच, १९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी मांडलेली. बाईंच्या प्रयोगशाळेत शिकलो त्यापलीकडचं यात फारसं काही नाही.

अडचण घामाची आहे. त्यात साखर रक्ताच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकी. घामाचा वेग बदलला की आकडा बदलतो, त्वचा तापली की विकराचा वेग बदलतो. २०१६ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी याच कारणासाठी पट्टीत तापमापकही बसवला होता. अशा चुका गणिताने दुरुस्त करणं हे माझं काम.

गेल्या मे महिन्यात पट्टी आईच्या हाताला लावली. ती इन्सुलिन घेते. दुपारी आकडा एकदम वर उडाला. मी घाबरून बोट टोचून पाहिलं, तर साखर नेहमीसारखीच. आईने आमरसासाठी आंबे पिळले होते, रस कोपरापर्यंत ओघळलेला! हसलो खरं, पण त्या आकड्यावर विसंबून तिने इन्सुलिन वाढवलं असतं तर?

त्यानंतर ऑफिसात मी हट्ट धरला, की स्क्रीनवर रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवायचा नाही. ‘मग विकायचं काय?’ असं मला विचारलं गेलं. दोन महिने माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. शेवटी आकडा काढला, आणि विक्रीही पुढे ढकलली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२४ मध्ये सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून सावध राहायला सांगितलंय. तुमच्यापैकी कोणी असं घड्याळ घेतलं असेल, तर त्यावरून औषध बदलू नका.

आई रोज सकाळी बोट टोचते आणि मला फोनवर विचारते, ‘झालं का गं तुझं?’

‘अजून नाही, आई.’