एएमएचचा कागद

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं, ‘दवाखाना’. अर्ज करणारी एकतीस वर्षांची, मान खाली घालून बसलेली. बैठक उठल्यावर तिनं पिशवीतून एक रिपोर्ट काढला. एएमएच ०.९. घरच्यांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता, हिला मूल होणार नाही. नवऱ्याची तपासणी मात्र झालेलीच नव्हती!

आम्हालाही त्यातलं काही कळेना. मग तिला घेऊन आम्ही परभणीला डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि सगळं विचारून घेतलं. तिच्या परवानगीनं, नाव न घेता, सांगतो.

एएमएच हे अंडाशयातल्या बारीक बीजपिशव्यांतून येणारं हार्मोन. कणगीत धान्य किती उरलंय, एवढंच ते सांगतं. दाणा कसा आहे ते नाही. दाण्याचं बरंचसं बाईच्या वयावर असतं. आकडा कमी असला तर टेस्ट ट्यूबच्या उपचारात इंजेक्शनं देऊनही बीजं कमी मिळतात, म्हणून डॉक्टर डोस त्यावरून ठरवतात, फार वर्षं थांबू नका म्हणतात. पण पोट राहायला एक चांगलं बीज पुरतं. आणि आकडा जास्त म्हणजे चांगलाच असंही नाही. तसं असेल तर इंजेक्शनांनी अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याची भीती असते.

दुसरा आकडा बीटा एचसीजीचा. गर्भ आत सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. पहिल्या रिपोर्टवर पेढे वाटू नका, रडूही नका. दोन दिवसांनी पुन्हा तपासतात, कारण सुरुवातीला हा आकडा दोन-तीन दिवसांत जवळपास दुप्पट व्हायला हवा. घरच्या पट्टीवर विसंबू नका. एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर काही दिवस पट्टी उगीच ‘हो’ म्हणते. गर्भ पिशवीतच आहे ना, हे सोनोग्राफीच सांगते. पोटात जोरात दुखलं, चक्कर आली, तर त्याच घडीला दवाखाना गाठा. आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मनानं बंद करू नका. पैसे संपले म्हणून बऱ्याच जणी तेच करतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारानं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. तेव्हापासून हे शास्त्र खूप पुढं गेलं, तरी दर वेळी यश येतंच असं नाही. म्हणून सोयाबीनचे सगळे पैसे एकाच फेरीत घालण्याआधी खर्च लिहून मागा. २०२१ च्या कायद्यानं अशा केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, प्रमाणपत्र बघायला मागा. बाईला पन्नास, पुरुषाला पंचावन्न वर्षांची मर्यादाही त्यातच आहे.

सगळ्यात आधी नवऱ्याची वीर्यतपासणी. स्वस्त असते, सुई टोचत नाही, तरी घराघरांत हीच शेवटी होते. बाईची थायरॉइडची तपासणीही सोबतच करून घ्या.

आमच्या मैत्रिणीचा नवरा सुरुवातीला तयार नव्हता. शेवटी तिचा दीरच त्याला घेऊन गेला. रिपोर्ट सोमवारी येईल. कर्जाचा अर्ज आम्ही तोवर बाजूला ठेवलाय.